बटरटब्सचा पाऊस आणि पुण्याचे काका

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समधे सायकलवाल्यांच्या मागे सपोर्ट व्हॅन चालवायची, पंक्चर काढायची, केळी वाटायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या चेन पुसून तेल घालून ठेवायचं, हे माझं उन्हाळ्यातलं काम. सांगलीतले नातेवाईक अजून विचारतात की एवढं शिकून तिकडे ड्रायव्हर कशाला झालीस. जाऊ दे तो विषय.

तर इथले डोंगर. कागदावर बघितलं तर हसू येतं. फ्लीट मॉस म्हणजे इथल्या सगळ्यात उंच डांबरी रस्त्यांपैकी एक, त्याची उंची ५८९ मीटर. बटरटब्स पास ५२६ मीटर. आपला सिंहगड १३०० च्या वर आहे, त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडून येणारे सायकलिस्ट पहिल्या दिवशी नकाशा बघून मला विचारतात, मोठा घाट कुठला? त्यांचं चुकत नाही, पण आपले घाट बैलगाडी, मग एसटी आणि ट्रक चढावेत म्हणून वळणं घेत घेत काढलेले आहेत. इथला रस्ता जुन्या घोड्यांच्या वाटेवरनं तसाच सरळ वर जातो, दोन्ही बाजूला चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, मधे एक गाडी जाईल एवढी जागा, आणि चढ मधेच १७ टक्के, मधेच २०. आपल्याकडे तासभर एका लयीत चढायची सवय असते, इथे दहा मिनिटं मरायचं, पाच मिनिटं ब्रेक दाबून उतरायचं, परत मरायचं. आणि ब्रेक दाबून उतरताना पायडल मारायचं नसतं, म्हणजे अंग तापत नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशाच एका ग्रुपमधे पुण्याचे एक काका होते. बँकेतनं रिटायर झालेले, साठी ओलांडलेली, अंगात चरबी औषधाला नाही, पुणे-गोवा सायकलवर केलेलं. चढावर ते तिशीतल्या पोरांना मागे टाकायचे. पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाले, "अगं तू सांगलीची? मग तुला कळेल, पावसात सायकल चालवण्यासारखं सुख नाही. ताम्हिणीत जुलैमधे आम्ही मुद्दाम भिजायला जातो." मी म्हटलं काका, इथला पाऊस वेगळा असतो हं. ते हसले. मीही फार ताणलं नाही, पाहुणा माणूस, आणि आकाश निळं होतं.

रूट असा होता: केटलवेलवरनं निघायचं, बकडेन, हबरहोम करत नदीच्या कडेकडेनं फ्लीट मॉस चढायचा, उतरून हॉजला जेवण, मग बटरटब्स ओलांडून स्वेलडेलच्या खोऱ्यात थ्वेट आणि म्यूकर ही गावं, आणि तिथनं रीथला मुक्काम. २०१४ ला टूर द फ्रान्सची पहिली स्टेज लीड्स ते हॅरोगेट झाली ती याच बटरटब्सवरनं गेली होती, येन्स फोइग्ट एकटा पुढे निघून गेला होता आणि त्यानं त्या दिवशी चढांवर सगळ्यात पुढे असणाऱ्याला मिळते ती ठिपक्यांची जर्सी मिळवली. काकांना हे सगळं तोंडपाठ. मी त्यांना २०१९ ची गोष्ट सांगितली, ती त्यांना माहीत नव्हती: वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, पुरुषांची मेन रेस, इतका पाऊस झाला की आयोजकांनी रूट २८५ किलोमीटरवरनं २६१ वर आणला आणि बटरटब्स आणि ग्रिंटन मूर दोन्ही चढ कापून टाकले. जगातले सगळ्यात तगडे सायकलिस्ट, त्यांच्यासाठी कापले! काका म्हणाले, "लाड आहेत नुसते."

सकाळी फ्लीट मॉस सगळ्यांनी कोरडा केला, एकदम छान. हॉजमधे सूप पिताना पाऊस सुरू झाला, जून महिना, खाली ११ डिग्री. सगळ्यांनी जॅकेटं चढवली, ग्लोव्हज बदलले. काकांनी जॅकेट काढून माझ्या व्हॅनच्या सीटवर टाकलं, म्हणाले चढावर घाम येतो, वर गेल्यावर घालीन. हे बरोबरच आहे, चढावर जॅकेट घातलं की आतनं भिजतो माणूस. मी वर जाऊन थांबले, जिथे रस्त्याच्या कडेला ते चुनखडीचे खोल खड्डे आहेत. हॉजच्या बाजाराला निघालेले शेतकरी वाटेत तिथे लोणी गार ठेवायचे म्हणून त्यांना बटरटब्स म्हणतात असं सांगतात. लोणी कशाला, त्या दिवशी आइस्क्रीम टिकलं असतं. गाडीच्या मीटरवर ७ डिग्री आणि वारा असा की व्हॅनचं दार दोन हातांनी धरायला लागत होतं.

काका सगळ्यात आधी आले, मी जॅकेट घेऊन रस्त्यात उभी, त्यांनी हात केला आणि न थांबता पुढच्या उताराला लागले. मी ओरडले, वाऱ्यात कुणाला ऐकू येतंय. व्हॅन तिथेच ठेवणं भाग होतं कारण मागचे अजून धुक्यात होते, आणि त्यातल्या एकीचा आधीच घसरून गुडघा फुटला होता. नॉर्थॅम्प्टनचं एक वयस्कर जोडपं होतं, त्यांना म्हटलं तुम्ही पुढे व्हा, काकांना कुठेतरी आडोशाला थांबवा.

पंधरा-वीस मिनिटांनी मी खाली निघाले तर थ्वेटच्या अलीकडे, कॅटल ग्रिडपाशी (गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेले लोखंडी दांडे) तिघं उभे. काका भिंतीला टेकून, सायकल रस्त्यात आडवी. जोडप्यातली बाई माझ्याकडे बघून छान हसली. म्हणाली काळजी नको, तो मजेत आहे, तुमच्या भाषेत गप्पा मारतोय, थरथरत होता पण आता थांबलंय. तिचा नवरा खाली बसून काकांच्या पोटऱ्या जोरजोरात चोळत होता.

मी जवळ गेले आणि काका मला म्हणाले, "खाली टोल भरलाय का बघ. आणि हिला सांग, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, लॉकरची किल्ली त्यातच राहिली."

माझ्या पोटात गोळा आला. इंग्लिश माणूस असं बरळला असता तर त्या बाईला तीस सेकंदात कळलं असतं. मराठी असल्यामुळे तिला ती गप्पाच वाटली, आणि तिला तरी काय म्हणणार. काका एका हातानं हेल्मेटचं बक्कल काढायचा प्रयत्न करत होते, बोट बक्कलच्या बाजूनं नुसतं घसरत होतं, परत परत, आणि चेहऱ्यावर जरासुद्धा त्रास नाही, जणू दुसऱ्याच कुणाचं हेल्मेट आहे.

शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. आधी माणूस थडथड कापतो, तो शरीराचा गरम राहण्याचा प्रयत्न असतो. कपडे ओले, अंग गार आणि तरी कापणं थांबलं, वर बोलणं भरकटलं, तर तो बरा होत नसतो, शरीरानं हात टेकलेले असतात. हे फर्स्ट एडच्या कोर्समधे आम्हाला इतक्यांदा घोकायला लावतात की कंटाळा येतो. पहिलं काम म्हणजे त्या भल्या माणसाचं चोळणं बंद केलं, कारण हातापायातलं गारठलेलं रक्त असं जोर लावून आत ढकलायचं नसतं, हृदयावर ताण येतो. मग काकांना चालू न देता दोघांनी धरून व्हॅनमधे घेतलं, हीटर फुल, आणि ओले कपडे काढायला घेतले.

तेवढ्यात काका शुद्धीवर आल्यासारखे ओरडले, "अगं ए, काय करतेस!" सायकलची बिब शॉर्ट्स म्हणजे खांद्यावरनं पट्टे, जर्सी काढल्याशिवाय निघत नाही, आणि पुण्याचे रिटायर्ड बँक ऑफिसर सांगलीच्या मुलीला पट्टे काढू देतील होय! शेवटी मी टॉवेल धरून बाहेर तोंड करून उभी, आणि आत तो नॉर्थॅम्प्टनवाला इंग्लिशमधे सॉरी सॉरी म्हणत सोलतोय. कोरडे कपडे, टोपी, स्लीपिंग बॅग, वरनं चंदेरी फॉइल. गोड चहा मात्र लगेच नाही दिला, नीट गिळतायत का ते बघून, थोडा थोडा.

फोनला रेंज शून्य, स्वेलडेलमधे हे नेहमीचंच. म्यूकरला पबमधे नेलं, तिथल्या लँडलाइनवरनं ९९९, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर, लावला. मालकानं प्रेमानं ब्रँडी आणली, ती मी परत पाठवली, कारण दारूनं कातडीकडचं रक्त वाढतं, वाटतं गरम आणि उष्णता निघून जाते. तो जरा दुखावला. त्याच्या कुत्र्यानं मात्र काकांच्या पायावर बसून घेतलं ते उठलंच नाही. अर्ध्या तासानं काका परत थडथड कापायला लागले आणि मला इतका आनंद झाला की ती बाई माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागली. पॅरामेडिक आला तोवर काका मराठीतनं इंग्लिशवर आले होते आणि त्याला टूर द फ्रान्स समजावून सांगत होते. तापमान ३४.६ भरलं. तो तासभर थांबला, ३६ च्या जवळ गेल्यावर म्हणाला हॉस्पिटलची गरज नाही, पण रात्री खोलीत एकटं ठेवू नका आणि आज सायकल बंद.

काकांना यातलं जवळजवळ काही आठवत नाही. पास चढल्याचं आठवतं, मी जॅकेट घेऊन उभी होते ते आठवत नाही, एकदम कुत्रा आठवतो. मला म्हणाले, "काकूंना सांगायचं नाही हां." मी कशाला सांगतेय, पण नॉर्थॅम्प्टनच्या बाईनं फॉइलमधे गुंडाळलेल्या काकांचा कुत्र्यासकट फोटो ग्रुपवर टाकला होता, तो काकांनी स्वतःच कौतुकानं घरी फॉरवर्ड केला. पुण्यातनं मला फोन. काकूंनी तब्येतीचं दोन वाक्यांत विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मी स्वेटर दिला होता बरोबर, ह्यांनी बॅगेतनं काढला तरी का?"

नव्हता काढला. दुसऱ्या दिवशी आयस्गार्थच्या धबधब्यापाशी लख्ख ऊन, २१ डिग्री, सगळे अर्ध्या बाह्यांत, आणि काका चॉकलेटी विणलेला स्वेटर घालून घामाघूम, वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. मी म्हटलं काका, आज काढलंत तरी चालेल. म्हणाले, "व्हिडिओ कॉल येणारे साडेअकराला."