माटोळीचे फोटो आणि साठ दिवसांची मुदत

आमच्या फोंड्याच्या (गोवा) घरी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची लाकडी चौकट, बांधून झाली, की मी तिचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवतो, कारण कवंडळ कुठे होते, आंबाडे किती होते आणि सुपारीचा कातरा (घड) कोणत्या बाजूला बांधला होता, याविषयी पुढच्या वर्षी आई आणि काका यांचे कधीच एकमत होत नाही. पाच वर्षांचे असे फोटो माझ्याकडे होते. ते गेले, आणि दोष सर्वस्वी माझा होता.

दोन वर्षांपूर्वी चवथीनंतर फोन भरला. फोटो क्लाउडवर चढलेले आहेत, तेव्हा फोनमधले पुसायला हरकत नाही, अशा समजुतीने मी गुगल फोटोज उघडून जुने फोटो निवडले आणि डिलीट केले. ॲपने खातरजमा करण्यासाठी विचारले होते. मी न वाचताच होकार दिला. बॅकअप घेतलेला फोटो त्या ॲपमधून पुसला, की तो क्लाउडवरूनही कचरापेटीत जातो आणि ६० दिवसांनी कायमचा नाहीसा होतो, हे मला काकांनी पुढच्या चवथीला जुनी माटोळी दाखवायला सांगितली तेव्हा कळले. फोनमधली प्रत तेवढी काढायची असेल, तर त्याच ॲपमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे.

चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवलेले काही फोटो परत मिळाले खरे, पण व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करते आणि त्यातली मूळ तारीखही राहत नाही. त्यामुळे कोणती माटोळी कोणत्या वर्षाची, यावरून घरात नवा वाद सुरू झाला.

जागेचा हिशेब मी तेव्हा प्रथमच केला. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’मध्ये चढवलेले फोटो गुगलच्या मोजणीत धरले जात नाहीत, त्यानंतरचे सगळे १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि ती जागा जीमेल व ड्राइव्ह यांच्याशी वाटून घ्यावी लागते. फोटो सरासरी ४ एमबीचा धरला, तर पावणेचार हजार फोटोंत ती संपते. शिगम्याच्या रोमटामेळाचे, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीचे, ४के (4K) व्हिडिओ काढले, तर त्याहून कितीतरी लवकर.

आता फोन आणि क्लाउड या दोन्हींना मी एकच प्रत समजतो, कारण गुगल फोटोजमधून पुसलेले दोन्हीकडून पुसले जाते. दर तीन महिन्यांनी मूळ फोटो केबलने संगणकावर घेऊन वर्षानुसार फोल्डर करतो आणि तिथून दोन हार्ड डिस्कवर उतरवतो. आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या जुन्या अल्बमवरसुद्धा बुरशी धरते, म्हणून घरातली डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असते; दुसरी मडगावला बहिणीकडे. व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप मात्र मी मुद्दाम बंद ठेवला आहे, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनीच १५ जीबी भरतील.

यंदाच्या फोटोंत मी कोपऱ्यात वर्ष लिहिलेली पाटीही धरायला लावली. काकांना ते हास्यास्पद वाटले, पण पाटी त्यांनीच धरली होती.