बिलातलं म्हातारपण

तुमची विचारसरणी कोणती, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. डाव्या मित्रांना मी बाजारवाला वाटतो, उजव्यांना पक्का लाल. खरं सांगायचं तर माझं सगळं अर्थशास्त्र बिलं वाचण्यातून आलेलं आहे. मी बिल वाचतो, तेही खालून वर. वरच्या आकड्यात काही गंमत नसते. खाली बारीक अक्षरात कुणाकुणाचं काय धरलंय, तिथे खरं राजकारण असतं.

ही खोड आजोबांच्या पट्ट्यांमुळे लागली. आमचा कांदा पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला की काही दिवसांनी आडत्याची, म्हणजे आपला माल विकून देणाऱ्या दलालाची, हिशोबाची पट्टी यायची. पातळ कागद, कार्बनची निळी शाई बोटाला लागायची. वर वजन, भाव आणि एकूण रक्कम ठसठशीत. मग कपात सुरू : हमाली, तोलाई, वाराई (गाडीतला माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), मोटारभाडं, अडत म्हणजे आडत्याची दलाली. शेवटी उरेल ते आपलं. आजोबा हमालीच्या ओळीवर पेन्सिल टेकवून कुरकुरायचे, "नुसतं पोतं उचलायचे एवढे?" अडतीच्या ओळीवर मात्र चकार शब्द नाही. (फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या नव्हे, खरेदीदाराच्या खिशातून घ्यायची, हे ठरायला 2016 साल उजाडलं.)

त्या हमालीच्या ओळीमागे काय काय आहे, ते मोठेपणी कळलं. हमालाचा मालक कोण? सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. सगळेच मालक, म्हणजे कुणीच नाही. मग त्याचा फंड कोण भरणार, कंबर धरली तर कोण बघणार? मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची, म्हणजे डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्या कामगारांची, संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. अशा रेट्यातून 1969 साली माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती मला अजूनही अफाट वाटते. व्यापाऱ्याने मजुरी या कायद्याखालच्या मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार, तिन्हीकडची माणसं. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना बघणार. कुणाचा कारखाना ताब्यात घेतला नाही, कुणाचं दुकान बंद पाडलं नाही. खर्चात एक ओळ वाढली, आणि पोतं उचलणाऱ्याचं म्हातारपण पोत्याच्या हिशोबात धरलं गेलं. माझ्या डोक्यातली न्याय्य व्यवस्था म्हणाल तर एवढीच आहे. बाकीच्या घोषणा ज्याच्या त्याला लखलाभ.

सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. कायदा असला तरी नोंदणीबाहेर राहिलेले हमाल पुष्कळ. शिवाय माथाडीचं नाव पुढे करून काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्याही आहेत. वाराई कुणी द्यायची, यावरून ट्रकवाल्यांचं भांडण तर जुनंच. पण पाकीटमार आहेत म्हणून शर्टाला खिसा शिवायचं कुणी सोडत नाही.

परवा भर पावसात अ‍ॅपवरून किराणा मागवला. दहा किलो तांदूळ, तेल, साखर. लिफ्ट नेमकी बंद. पोरगा चार मजले चढून आला. हेल्मेटमधून पाणी गळतंय, हातातल्या फोनवर पुढची ऑर्डर वाजतेय. पाणी विचारलं तर म्हणाला, "नको काका, टाइम चाललाय." तो गेल्यावर सवयीप्रमाणे बिल उघडलं. हँडलिंग शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, पावसाचा अधिभार, वर जीएसटी. प्लॅटफॉर्म बिचारा जिना चढला नव्हता, पण त्याची ओळ आहे. पोराच्या फंडाची नाही. त्याच्यासाठी टिपचा रकाना : दहा, वीस, तीस. म्हणजे कंपनीचं नियमाने मिळणार आणि पोराचं आमच्या लहरीने.

राजस्थानने 2023 साली अशा गिग कामगारांसाठी, म्हणजे अ‍ॅपवरून सुटी सुटी कामं घेणाऱ्यांसाठी, मंडळ आणि व्यवहारागणिक शुल्क असा कायदा केला, तेव्हा बातमी वाचताना गुलटेकडी आठवलीच. केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असं आहे. फक्त कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांवर ते जायचं नाही, अशी मेख मारून ठेवली आहे.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो शेअर बाजारवाला. म्हणाला, "मामा, मग बिल वाढेल."

"वाढू दे."

"वाढू दे काय?" आतून बायको. "कोपऱ्यावर दुकान आहे. पिशवी घ्या आणि तांदूळ स्वतः आणत जा. कुणाला जिने चढायला नकोत."

त्या दुकानातल्या पोऱ्याला तरी कुठे फंड आहे, हा माझा मुद्दा बिनतोड होता. पण तोवर पिशवी माझ्या हातात आली होती आणि यादीत डाळही वाढली होती.