हरलेल्या वर्षाची कोजागरी

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे, आणि नावाजलेल्या बहुतेक तालमींचा फुटबॉल संघ आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावं इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. आमचं मंडळ त्यांच्या मानानं छोटं. कपाटात ढाली आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जुन्या. तरी वर्षातली एक रात्र अशी असते की मोठ्या पेठांतली माणसंही आमच्या चौकात डोकावून जातात. ती रात्र कोजागरीची.

दिवाळी झाली की फुटबॉलचा हंगाम जवळ येतो. खेळाडूंची नोंदणी, मग लीग, मग एकामागून एक चषक, असं ते उन्हाळा संपेपर्यंत चालतं. म्हणून आमच्याकडं संघबांधणीचा नारळ कोजागरीलाच फुटतो. संध्याकाळपासून चौकात पाण्याचा सडा, कडेला सतरंज्या, तालमीच्या दारात तीन दगडांच्या दोन मोठ्या चुली. दूध गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं, म्हशीचं, समोर धार काढलेलं. ते आटवायचं काम वर्षानुवर्षं एका काकांकडं आहे आणि पातेल्यात उलथनं घालायला ते दुसऱ्या कुणालाही देत नाहीत. जायफळ किती घालायचं यावर दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी काकांचंच खरं होतं.

दूध उकळेपर्यंत हनुमानासमोर नवीन बॉल, नेट आणि जर्सीचा गठ्ठा ठेवून पूजा होते. मग एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं, त्यानं पुढं यायचं, एखाद्या जुन्या खेळाडूच्या हातून जर्सी घ्यायची आणि वाकून नमस्कार करायचा. लहानपणी मला या नाव पुकारण्याचंच अप्रूप होतं. रोज गल्लीत दिसणारा, दुधाची किटली घेऊन जाणारा दादा त्या रात्री 'सेंटर हाफ' म्हणून उभा राहायचा आणि अख्खा चौक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचा.

जर्सी वाटून झाल्या की जुनी मंडळी बोलायची. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात संस्थानात फुटबॉल कसा रुजला, 1940 साली इथला फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन कशी उभी राहिली, हे मी पुस्तकात वाचण्याआधी या चौकात ऐकलं. त्यांच्यातल्या थोरल्या आण्णांनी अनवाणी फुटबॉल खेळलेला होता. लाल मातीच्या हौद्यात सकाळी जोर-बैठका मारायच्या आणि संध्याकाळी त्याच अंगानं बॉलमागं धावायचं, अशी ती पिढी. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचा संघ निघाला याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आण्णांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. पेठेची ईर्षा दोन्हीकडं सारखीच, असं ते म्हणायचे.

या सगळ्या कोजागरींमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती 2017 ची. तिच्या आधीचा हंगाम आम्ही जवळजवळ सगळा हरलो होतो.

तो हंगाम आठवला की अजून पोटात कालवतं. आमचे दोन चांगले खेळाडू मोठ्या संघांकडं गेले. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या पोराला कुणी मानधन देत असेल आणि त्याला पुढं जायचा रस्ता दिसत असेल, तर त्यानं जावं. आमच्या गोलीचा गुडघा सरावातच गेला. मोठे संघ बाहेरून, अगदी नायजेरियातूनही, खेळाडू आणतात. आमच्याकडं तेवढा पैसा नव्हता. मग सतरा-अठरा वर्षांची गल्लीतली पोरं वरिष्ठ गटात उतरली. पोरं चपळ होती, जिद्दीची होती. पण शाहू स्टेडियमवर समोरून अंगानं भरलेला, दहा हंगाम खेळलेला बॅक धावत आला की त्यांची पावलं बिचकायची, आणि तेवढ्यात बॉल जायचा.

पहिला सामना गेला तेव्हा कुणी मनाला लावून घेतलं नाही. दुसरा गेला, तिसरा शेवटच्या मिनिटाला गेला. चौथ्यानंतर चौकातल्या कट्ट्यावर बोलणं कमी झालं. दुकानात गेलं की समोरचा मुद्दाम विचारायचा, "काय भावा, काल किती?" आणि त्याला आकडा ठाऊक असायचा. ज्यांनी कोल्हापुरात फुटबॉल पाहिलाय त्यांना सांगायला नको की इथं हार स्टेडियमवर संपत नाही. ती तुमच्याबरोबर मिरजकर तिकटीपर्यंत चालत येते, भाजी घेताना भेटते, कॉलेजच्या बाकावर शेजारी बसते.

तरी माणसं जात राहिली. दुपारी ऊन डोक्यावर असताना दोनच्या सामन्याला हलगी आणि घुमकं घेऊन आमची पोरं स्टेडियमच्या त्याच ठरलेल्या कोपऱ्यात बसायची. समोरच्या बाजूला मोठ्या पेठेचे हजारो समर्थक, झेंडे, एका सुरातल्या घोषणा, आणि इकडं आमची मूठभर माणसं. एका सामन्यात मध्यंतरालाच आमच्यावर तीन गोल चढले होते. हलगीवाला पोरगा हलगी मांडीवर ठेवून गप्प बसला. मागून थोरले आण्णा, तेव्हा ऐंशीच्या घरातले, म्हणाले, "थांबलास का रं? पोरं पळत्यात न्हवं अजून?" त्यानं पुन्हा हलगी उचलली. उत्तरार्धात आणखी दोन गोल बसले, पण हलगी शेवटच्या शिट्टीपर्यंत वाजत होती. सामना संपल्यावर आमचा कप्तान कोपऱ्यापाशी आला, मान खाली घालून हात जोडले. आण्णांनी त्याला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली आणि "उद्या सहाला गांधी मैदान" एवढंच सांगितलं. आमचा सराव तिथंच व्हायचा.

त्या वर्षी मंडळाच्या थोरल्यांनी एक गोष्ट कडक पाळली, आणि तिचं मोल मला पुढं कळलं. स्टेडियमवर आपल्या खेळाडूला कुणीही नावानं शिवी द्यायची नाही, पंचाच्या अंगावर धावून जायचं नाही, दुसऱ्या पेठेशी हुज्जत घालायची नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलला हुल्लडबाजीचा डाग आहे. त्यापायी स्पर्धा थांबल्याही आहेत. हरणाऱ्या संघाच्या माणसांचं डोकं लवकर फिरतं. एकदा आमच्यातल्या एकानं बाटली उचलली होती. शेजारच्या मामांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, टोपण उघडून त्यालाच पाणी प्यायला लावलं आणि सामना संपेपर्यंत त्याचा हात धरून बसले.

हरणाऱ्या संघाचा आणखी एक हाल असा, की त्याचा हंगाम लवकर संपतो. लीगमध्ये निदान ठरलेले सामने मिळतात. नंतरचे चषक बाद पद्धतीचे, पहिली फेरी हरलात की घरी. मार्चपासून शहरात एक चषक संपून दुसरा सुरू होतो, पेपरात पानभर बातम्या येतात, कुठला सामना टायब्रेकरवर गेला याची चर्चा रंगते, आणि आपली पोरं मात्र गांधी मैदानावर आपापसांत खेळत असतात. त्या वर्षी एका चषकात आमचा सामनाही टायब्रेकरवर गेला. निर्धारित वेळेत आम्ही एका मोठ्या संघाला रोखून धरलं होतं. शेवटची किक आमच्या सगळ्यांत लहान पोरानं मारली आणि ती खांबाला लागून बाहेर गेली. तो तिथंच बसला. दुसऱ्या पेठेचा गोली धावत जाऊन आपल्या माणसांत मिसळायच्या आधी त्याच्यापाशी थांबला आणि हात देऊन त्याला उठवलं. आमच्या कोपऱ्यातून त्या गोलीसाठी टाळ्या वाजल्या.

हंगाम संपला तेव्हा आम्ही तळाशी होतो आणि खालच्या गटात गेलो.

आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे आमच्या टेंबलाईची, जत्रा आली. पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन, पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर मंडळं टेंबलाईच्या टेकडीवर जातात. आमचंही गेलं, पण रया नव्हती. मटणाच्या पंगतीला बरीच पानं रिकामी राहिली. मंडळात फुटबॉल बंद करून तो पैसा गणपतीला वापरावा, असं काही जण उघड बोलू लागले. त्यांचाही राग मी धरत नाही. वर्गणी मागत दारोदार फिरणाऱ्याला जे ऐकावं लागतं, ते त्यांनी ऐकलेलं होतं.

त्यामुळं 5 ऑक्टोबरच्या कोजागरीला कोण येणार, याची धास्ती होती. काकांनी दूध नेहमीपेक्षा कमी सांगितलं. आणि साडेआठच्या सुमारास माणसं यायला लागली. लग्न होऊन इचलकरंजीला गेलेल्या बहिणी आल्या. पुण्याला नोकरीला असलेले जुने खेळाडू संध्याकाळच्या गाडीनं उतरून थेट चौकात आले. शेजारच्या तालमीतली, जिच्याशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्षा, तिथली चार-पाच वडीलधारी माणसं नारळ घेऊन आली आणि आण्णांच्या शेजारी सतरंजीवर बसली. सतरंज्या पुरेनात. काकांनी दोन पोरांना सायकलीवरून कट्ट्यावर पिटाळलं आणि वाढीव दूध आलं तेव्हा पहिलं पातेलं संपत आलं होतं.

नावं पुकारायला सुरुवात झाली. टायब्रेकरला किक हुकवलेल्या पोराचं नाव आलं, तेव्हा तो मागं भिंतीला टेकून उभा होता. पुढं यायला धजेना. आण्णा स्वतः काठी टेकत उठले, जर्सी घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेले आणि त्याच्या खांद्यावर घातली. चौकात इतक्या टाळ्या मी कुठल्याच जिंकलेल्या वर्षी ऐकल्या नव्हत्या.

आमच्याकडं त्या रात्री पैशाची वर्गणी पुकारत नाहीत, जिन्नस पुकारतात. "दोन बॉल माझ्याकडं." "हंगामभर रोजची केळी माझ्या गाड्यावरून." "जर्सी धुवायचं आमच्या लाँड्रीत." एका रिक्षावाल्या मामांनी दुखापत झालेल्या खेळाडूला दवाखान्यात न्यायचं आपल्याकडं घेतलं. ज्यांनी आषाढात संघ बंद करा म्हटलं होतं, त्यांच्यातल्याच एकानं गुडघा गेलेल्या गोलीच्या ऑपरेशनचा निम्मा खर्च उचलतो म्हणून सांगितलं. चिटणीस वहीत लिहून घेत होते. पान संपलं, दुसरं लागलं.

दुसऱ्याच दिवशी सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा अमेरिकेशी सामना होता. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात. कोजागरीच्या सतरंज्या उचलल्याच नाहीत, तिथंच पडदा लावला. दिल्लीत भारत 3-0 नं हरला. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर डोक्यानं गोल मारला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, आणि चौक असा उसळला की पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला हे निम्म्या लोकांना कळलंही नाही. तो सामना 2-1 नं गेला, घानाचा 4-0 नं. तीनही हरलो. आमची पोरं मात्र पडद्यावर अनिकेतच्या पायाकडं डोळे लावून बसली होती. एका हंगामाची हार पचवून आलेल्या त्या पोरांना त्या तीन सामन्यांत काय दिसत होतं, ते मला त्यांच्या शेजारी बसून समजत होतं.

खालच्या गटाच्या सामन्यांना गर्दी नसते. आमच्या सामन्यांना असायची. तिथून परत वर यायला वेळ लागला. मधे 2019 चा महापूर आला. त्या वर्षीच्या कोजागरीला हलगी वाजली नाही, वहीत बॉल-बुटांऐवजी पाण्यात गेलेल्या घरांसाठी भांडी आणि अंथरुणं लिहिली गेली. पुढच्या वर्षी कोरोनानं चौकच ओस पडला. थोरले आण्णा आता नाहीत. त्यांच्या जागी, म्हणजे जर्सी द्यायला, त्यांच्याच हाताखाली शिकलेले आमचे जुने कप्तान उभे राहतात.

गेल्या कोजागरीला नावं पुकारून झाल्यावर गल्लीतली एक मुलगी उठली आणि मुलींचा संघ कधी काढणार म्हणून तिनं विचारलं. तिच्याबरोबर आणखी सहा-सात जणी उभ्या राहिल्या. स्टेडियमवर बायका-मुली आता चांगल्या संख्येनं येतात, कोल्हापूरच्या मुली खेळतातही, तेव्हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. क्षणभर सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग भाजीच्या गाड्यावरच्या आक्का म्हणाल्या, "पोरींचं बूट माझ्याकडं. लिवा." चिटणिसांनी लिहिलं. त्यानंतर खरा वाद पेटला तो मैदानाच्या वेळेवरून. सकाळी सहाला पोरांचा सराव, मग पोरींनी कधी यायचं? पोरं म्हणाली संध्याकाळी या, पोरी म्हणाल्या संध्याकाळी क्रिकेटवाले जागा देत नाहीत, आम्हीही सहालाच येणार. काकांनी दूध ओतायला घेतलं तरी मिटेना. शेवटी मैदान निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं ठरलं, आणि गोलपोस्टची बाजू कुणाकडं, यावर पुन्हा सुरू झालं.