बैठकीसाठी ३५ की ५०? लेन्स ठरली

मागच्या नोंदीत घरगुती गाण्याच्या बैठकींचे फोटो काढायला किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी लेन्स, पुरत नाही, इथपर्यंत आलो होतो. बॉडी निकॉन डी५६००, लेन्स १८-५५. दिवाणखान्यात सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, भिंतीवर एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात पिवळा दिवा. फ्लॅश वापरायचा नाही हे पहिल्यापासून पक्कं आहे. गवई डोळे मिटून षड्ज लावत असताना समोरून लख्ख उजेड मारायचा माझा धीर होत नाही, आणि तो होऊही नये.

किट लेन्स ३५ मिमीला जेमतेम एफ/४.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). १/१०० सेकंद शटरला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० लागायचा आणि चेहऱ्यावरचा पोत नॉइजमध्ये, म्हणजे दाणेदारपणात, विरघळून जायचा. तोच उजेड, तेच शटर, पण एफ/१.८ असेल तर प्रकाश सवासहा पट मिळतो, म्हणजे आयएसओ हजारच्या आसपास येतो. व्हीआरचा, म्हणजे लेन्समधल्या थरथर रोखणाऱ्या सोयीचा, इथे उपयोग नाही. ते आपला हात सावरतं, गाणाऱ्याची हलणारी मान नाही.

एफ/१.८ हवी हे सोपं होतं. फोकल लेंथवर (ती वाढली की चौकटीत मावणारा भाग कमी होतो) मात्र मी बराच घोळत बसलो. सगळे ‘निफ्टी फिफ्टी’च सांगतात, आणि ५० मिमी एफ/१.८जी खरंच सुरेख लेन्स आहे. पण ती सल्लागारांच्या फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, ५० असते. आपल्या लहान, क्रॉप सेन्सरवर तिचा कोन ७५ मिमीसारखा होतो. म्हणून टेप घेऊन खोलीच मोजली. सतरंजीच्या कडेपासून गायकापर्यंत अंतर सुमारे तीन मीटर. तिथून ५० मिमीत आडव्या फ्रेममध्ये साधारण १.४ मीटर रुंदी मावते, ३५ मध्ये दोन मीटर. दोन मीटरमध्ये गायक, तानपुरा आणि शेजारच्या तबल्याचा बराचसा भाग येतो. १.४ मध्ये तानपुऱ्याचा भोपळा तरी कापला जातो, नाहीतर वरच्या खुंट्या. मागे सरकावं तर पाठीला भिंत.

तरी खात्रीसाठी किट लेन्सची झूम रिंग चिकटपट्टीनं ३५ वर बांधून एक अख्खी बैठक काढली, पुढची ५० वर बांधून. ५० वर चेहरे छान आले, पण बैठक कुठेच दिसली नाही. गवयाची नजर तबल्याकडे जाते, तबलजी मान हलवून दाद देतो, ही देवाणघेवाण एकाच चौकटीत हवी असेल तर माझ्या खोलीला ३५च लागते. तुमची खोली मोठी असेल तर उत्तर वेगळं येईल. आधी मोजा.

शोधाशोधीत ५० मिमी एफ/१.८डी खूप स्वस्तात दिसते. डी५६००, डी३५०० असल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालत नाही. अर्ध्या उजेडात हातानं फोकस करायची तयारी असेल तरच घ्या. सिग्माची १८-३५ एफ/१.८ आर्ट मोहात पाडते, पण ८१० ग्रॅमचं ओझं मांडीवर घेऊन तीन तास बसायचं नाही मला. शेवटी निकॉनची डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) ३५ मिमी एफ/१.८जी घेतली, वजन जेमतेम २०० ग्रॅम. जुनीच घेतली, मुंबईत बोरा बाजारातून. आपल्या दमट हवेत जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून आत बुरशीचे धागे दिसतात का, हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. घरी सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवतो.

आता निकाल. दोन मीटरवरून एफ/१.८ला फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे धारदार दिसणारा पट्टा, सुमारे २३ सेंटिमीटर मिळते. डोळा धारदार असला, तरी तान घेताना पुढे आलेला हात मऊ होतो. मला तो मऊ हात आवडतो. गायक आणि तबलजी दोघेही धारदार हवे असतील तर दोघांपासून सारख्या अंतरावर बसावं लागतं, नाहीतर एफ/२.८. पूर्ण उघड्या अपर्चरला तानपुऱ्याच्या तारांवर आणि साडीच्या जरीवर जांभळी-हिरवी किनार येते, एफ/२.५ला ती बरीच कमी होते, म्हणून आता मुक्काम तिथेच. ही लेन्स ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. मध्यंतरात तानपुऱ्याच्या घोडीवरचा जवारीचा दोरा टिपता आला, त्याचा आनंद वेगळाच.

शटरचं गणित अजून पूर्ण सुटलेलं नाही. विलंबितात १/१०० पुरतं, आणि गाण्याकडे कान असला तर तेवढंही जास्त होतं. सम आल्यावर चेहरा क्षणभर स्थिरावतो. मी त्याच्या किंचित आधी बटण अर्धं दाबून थांबतो. क्वाएट मोडमध्येही आरशाचा आवाज येतोच, त्यामुळे आलापात एकही क्लिक नाही. समेवर दाद उठते, तिच्यात क्लिकचा आवाज बुडून जातो.

द्रुत तीनतालात तबलजीची बोटं गोठवायला १/३२० तरी हवं, म्हणजे एफ/१.८लाच राहून आयएसओ ३२००. रॉ फाइलला (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलला) ते झेपतं. अडचण ट्यूबलाइटची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. १/१०० किंवा १/५० ला ते लपतं; १/३२० ला फ्रेममध्ये पट्टे येतात, लागोपाठच्या दोन फोटोंचे रंगही जुळत नाहीत. काही स्वस्त एलईडी असाच त्रास देतात. साध्या तारेच्या बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

यजमानीणबाईंना विचारून ठेवलंय, “काकू, पुढच्या वेळी ट्यूब बंद करून दोन पिवळे बल्ब लावले तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “लाव की, पण श्रोत्यांना चहाचे कप दिसू देत.” पुढच्या बैठकीत एक बल्ब तबल्याच्या बाजूनं, डोळ्यांच्या उंचीपेक्षा जरा वर लावून बघणार आहे. १/३२० चे नमुने पुढच्या नोंदीत टाकतो. तोवर कुणी ८५ मिमी एफ/१.८जी छोट्या सभागृहात मागच्या रांगेतून वापरली असेल तर क्रॉप बॉडीवरचा अनुभव जरूर सांगा.