कॅम्पेन अपडेट: प्लेअर्सना वेगळाच नकाशा दिलाय

आमच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा गेम) कॅम्पेनचं जग मी रचतो, त्याची मुख्य भूमी एकदाची हेक्सवर, म्हणजे षटकोनी चौकटींच्या नकाशावर, बसवून झाली. बेस अझगारच्या फँटसी मॅप जनरेटरमधूनच घेतला, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, किनारपट्टी झकास काढतो, पण त्याने बनवलेली राज्यं आणि नावं सगळी उडवली, फक्त जमीन आणि उंची ठेवली. इंकार्नेट या नकाशे काढायच्या साइटवर दिसतं भारी, पण तिथे एकेक झाड लावत बसलं की खेळ राहतो बाजूला.

हेक्स 6 मैलांचा. यावर वाद घालायचा तर घाला, मी हलणार नाही. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये पार्टी, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांची टोळी, नॉर्मल चालीने दिवसाला 24 मैल जाते, म्हणजे 4 हेक्स, अवघड टेरेन असेल तर 2, संपला हिशोब. आणि सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण 3 मैलांवर असतं, त्यामुळे हेक्सच्या मधोमध उभं राहिलं की कडेपर्यंत दिसतं, "इथून काय काय दिसतंय?" याचं उत्तर तयारच.

वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो असं ठरवलं, मग डोंगराच्या त्या अंगाला जंगल आणि पूर्वेला पर्जन्यछाया, कोरडंठाक. नद्या एकमेकींना मिळतात, मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत, एवढं पाळलं आणि पूर्वेला बारमाही नदी उरली एकच. मग गावं तिच्याच काठाला, आणि तिच्यावरचा पूल ज्याच्या ताब्यात त्याचं राज्य. राजकारण वेगळं लिहावंच लागलं नाही!

आता खरी गंमत. हा हेक्स नकाशा प्लेअर्सना दाखवतच नाही. त्यांच्या हातात व्यापाऱ्यांचा नकाशा आहे, आयडिया टॅब्युला प्युटिंगेरियानावरून उचलली. तो रोमन रस्त्यांचा नकाशा, आज आहे ती मध्ययुगीन प्रत, लांबी पावणेसात मीटरच्या आसपास आणि उंची जेमतेम 34 सेंटीमीटर, त्यामुळे जमीन पार चेपलेली, पण रस्ते, मुक्काम आणि मधली अंतरं लिहिलेली. माझी पण तशीच लांब पट्टी, फक्त मैलांऐवजी दिवस लिहिलेत, आणि व्यापारी जिथे जात नाहीत तिथे काहीच काढलेलं नाही.

पट्टीवर दोन गावं अगदी वरखाली दिसतात. पार्टी म्हणाली रस्ता सोडून सरळ जाऊ, अर्ध्या दिवसात पोचू. रेंजरचं (रानवाटा जाणणारं) पात्र खेळणारीने मात्र बोट ठेवून विचारलं, "मग व्यापारी एवढा वळसा का घालतात?" कोणी ऐकलं नाही. मध्ये 5 हेक्स दलदल आहे, म्हणजे अडीच दिवस, आणि रोज रँडम एन्काउंटरचे रोल, म्हणजे वाटेत अचानक काय समोर येतं ते फासे टाकून ठरवायचं. बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःच पेन्सिलने त्या जागी "मगरी!!" लिहिलं आणि एका कोळ्याकडून दुसरा नकाशा विकत घेतला, जो पहिल्याशी अजिबात जुळत नाही, कारण त्यात रस्तेच नाहीत, नुसतं पाणी आहे. आता दोन्ही शेजारी ठेवून भांडत बसतात, मला काही करावं लागत नाही.

पुढचं काम पुलाचा बॅटल मॅप, म्हणजे मारामारीसाठीचा जवळून काढलेला नकाशा, 5 फुटांचे चौकोन, डंजनड्राफ्ट या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा झालाय. बाकी प्रवासातल्या मारामाऱ्या तोंडीच चालवतो, प्रत्येक झुडपासाठी मॅप करणं परवडत नाही. एक्सपोर्ट करताना चौकोनाला किती पिक्सेल ठेवता? ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरपैकी रोल ट्वेंटीला 70 चालतात, फाउंड्रीचं डीफॉल्ट 100 आहे, आणि आमच्यातल्या एकाचा लॅपटॉप मोठी फाइल उघडली की मान टाकतो.