घाटरस्त्याचा डीपीआर करताना

"चौपदरी करून टाका, प्रश्नच मिटला." सह्याद्रीतल्या एका घाटाच्या सुधारणेचं काम आमच्या टीमकडे आलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत हे वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकायला मिळालं. घाट दुपदरी, रात्रंदिवस ट्रक-ट्रेलरची रांग, एक गाडी बंद पडली की दोन्हीकडची वाहतूक ठप्प. मी सल्लागार कंपनीत हायवे डिझाइन बघते. डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणं हेच माझं काम. त्यामुळे "रुंद करा" म्हणणाऱ्यांशी माझं वैर नाही. फक्त घाटात रुंदी कुठून येते, हे आधी कागदावर मांडून दाखवावं लागतं.

तेच आधी केलं. डोंगराचा उतार ४५ अंशांचा आणि कापलेला कडा चारास एक (चार मीटर उंचीला एक मीटर आत) असा धरला, तर रस्ता ८ मीटर वाढवायला कडा साधारण १०-११ मीटर उंच कापावा लागतो. उतार ६० अंशांचा असेल तर त्याच ८ मीटरसाठी कापणी २४ मीटरच्या घरात जाते. आमच्या घाटाचा मधला टप्पा असाच उभा होता. त्यात सह्याद्रीचा बेसाल्ट थराथरांचा, आणि दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल बोलचा, म्हणजे लाल मातकट खडकाचा, मऊ पट्टा. कापणीत हा पट्टा उघडा पडला, त्यावर पाऊस झाला की तो झिजतो आणि वरचा कठीण खडक अधांतरी राहतो. मग रुंद केलेल्या रस्त्यावर दर पावसाळ्यात दरड, आणि दरड पडली की चार पदरांपैकी चालू किती राहतील, याची हमी कोण देणार? या हिशेबानंतर बैठकीतला सूर थोडा खाली आला.

मग खरा प्रश्न समोर आला: घाटात अडतं कुठे?

वाहतूक मोजणी आपल्याकडे सात दिवस, चोवीस तास करतात. तशी झाली. त्यातून गाड्या किती ते कळतं, रांग का लागते ते नाही. म्हणून ट्रकचा वेग दर थोड्या अंतरावर टिपायचं ठरवलं. गणित आधी घरी बसून केलं होतं. ४० टनांचा ट्रेलर, २७० अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन आणि ६ टक्के चढ असेल तर वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतच राहणार, ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो. प्रत्यक्षात काही जागी त्याहून कमी निघाला. त्याच्यामागे मोकळ्या रस्त्यावरून ताशी ६० ने आलेली एसटी आणि कार. वेगातला हा फरकच सगळ्या रांगांचं आणि समोरासमोरच्या धडकांचं मूळ आहे. कारवाल्याचा धीर सुटतो, तो आंधळ्या वळणावर बाहेर निघतो. यावर उपाय म्हणजे पूर्ण घाट चौपदरी करणं नव्हे, तर जिथे ट्रक धापा टाकतो तेवढ्याच भागात चढाच्या बाजूने तिसरी लेन. मात्र ती लेन ट्रकचा वेग पडायच्या आधी सुरू व्हायला हवी आणि वेग पुन्हा जमल्यावरच संपायला हवी. वळणाच्या तोंडावर लेन संपवली तर अपघात नव्या जागी हलवल्यासारखंच.

हेअरपिन, म्हणजे रस्ता जिथे उलट फिरतो अशा वळणांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या (आयआरसी) निकषांत हेअरपिनसाठी आतली त्रिज्या किमान १४ मीटर, दुपदरी राष्ट्रीय महामार्गावर वळणाच्या टोकाशी रुंदी किमान ११.५ मीटर आणि उतार ४० ला १ पेक्षा जास्त नाही, असं आहे. जुन्या वळणांपैकी काही या कशातच बसत नव्हती. पण निकष वाचून जे कळलं नसतं ते वळणावर उभं राहून कळलं. ४० फुटी कंटेनर घेऊन ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आत कापत येतात. म्हणून ड्रायव्हर आधी समोरच्या लेनमध्ये पुरता शिरतो, क्लीनर खाली उतरून हात दाखवत समोरची गाडी थांबवतो आणि मग ट्रेलर फिरतो. आतल्या बाजूच्या गटाराच्या कडेला काँक्रीट तुटलेलं होतं, कठड्यावर टायरच्या काळ्या रेघा. चाकं नेमकी कुठून जातात याचा नकाशा तिथेच काढलेला होता! आम्ही त्या खुणांची टेपने मापं घेतली आणि संगणकावर काढलेल्या वळणमार्गाशी ताडून बघितली. बऱ्यापैकी जुळलं. जिथे जुळलं नाही, तिथे ड्रायव्हर दरीकडचा धोका टाळायला आणखी आत घेत होते.

मोजणीच्या काळात घाटमाथ्यावर थांबलेल्या ड्रायव्हरांशी बोलायची सवय लागली. त्यांच्यातल्या एका वयस्कर काकांना मी चढाच्या लेनचा नकाशा दाखवत होते. ते ऐकून घेत म्हणाले, "मॅडम, चढावर गाडी फार तर बंद पडते. माणूस मरतो तो उतारावर. आधी उतरताना थांबायला जागा द्या."

खरं सांगायचं तर बहुतेक अहवालांत उताराच्या वाट्याला दोन फलक आणि रंबलर येतात. ४० टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास १२ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. कमी गिअरमध्ये उतरलं तर बराच भार इंजिन घेतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं की सगळा ताप ब्रेक ड्रमवर. ड्रम तापले की पेडल दाबलं तरी पकड मिळत नाही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावरचे अपघात वाचणाऱ्यांना हे नवीन नाही. ड्रायव्हरला नावं ठेवणं सोपं आहे, पण माथ्यावर ट्रक बाजूला घेऊन ब्रेक तपासायला दहा मीटर जागा नसेल तर तो करणार काय?

त्यामुळे आराखड्यात माथ्यावर सक्तीचा थांबा आला. आणि खाली, ब्रेक तापून झालेले असतील पण तीव्र वळण अजून यायचं असेल अशा जागी, उताराच्या बाजूनेच निघणारा आपत्कालीन रॅम्प, ब्रेक गेलेला ट्रक आत घुसवून थांबवण्यासाठी. त्यात गोल, एकसारख्या आकाराची खडी सैल भरतात. कोनदार खडी घट्ट बसते आणि चाकं रुततच नाहीत. शेजारी क्रेनसाठी सेवा मार्ग हवा, नाहीतर एक ट्रक आत अडकला की पुढच्या ट्रकसाठी रॅम्प बंद. जागा शोधताना आमच्यात बरीच वादावादी झाली, कारण जिथे रॅम्प हवा होता तिथे नेमकी दरी आणि जिथे सपाटी होती तिथे त्याचा उपयोग शून्य. शेवटी रस्त्याची आखणी थोडी डोंगराकडे सरकवून जागा काढली.

रस्त्याचे थर किती जाड हवेत हे ठरवायला ट्रकच्या एकेका एक्सलवर (चाकांच्या आसावर) येणारं वजन मोजलं. भरलेले ट्रक मुख्यतः एकाच दिशेने, परतताना रिकामे. रस्त्याचं नुकसान एक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे २० टक्के जादा भार असेल तर नुकसान दुप्पट. हळू चालणारा जड ट्रक डांबराला आणखी छळतो. मी चढाच्या लेनला काँक्रीट सुचवलं, ते मान्य झालं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खालचं भूसंपादन, त्यातल्या कलम ३ए च्या अधिसूचनेनंतर २१ दिवसांत हरकती, वनजमिनीचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर, मंजुरी दोन टप्प्यांत. यात चिकाटी लागते, बुद्धी नाही. एक मात्र नमूद करते: रस्त्याकडेच्या एका केबलवाल्या कंपनीने नकाशा द्यायला इतका उशीर लावला की आम्ही चर खणून केबल स्वतःच शोधली.

गावकऱ्यांच्या सुनावणीत मला वाटलं होतं मोबदल्यावरच बोलणं होईल. तेही झालं, पण जास्त भर पाण्यावर होता. वरच्या वाडीतल्या बायकांनी रस्त्याखालची जुनी मोरी बुजल्यापासून ओढा कुठून कुठे वळला ते बोटाने नकाशावर दाखवलं. आमच्या ड्रोन सर्व्हेत झाडीखाली ते दिसलंच नव्हतं. तिथे मोरीचा व्यास वाढवला आणि कापणीच्या माथ्यावरचं गटार ओढ्यापर्यंत नेलं. निविदेत अटही घातली: वरचं गटार पूर्ण झाल्याशिवाय खालची कापणी सुरू करायची नाही आणि जून ते सप्टेंबर डोंगराला हात लावायचा नाही.

सगळ्यात शेवटचं भांडण बांधकामाच्या काळावरून झालं. जड ट्रकना पर्यायी रस्ता नव्हता, म्हणजे काम चालू वाहतुकीतच. एका वेळी छोटाच टप्पा खोलायचा, आलटून पालटून एकेरी सोडायचं, दोन्ही टोकांना वायरलेस घेतलेली माणसं, आणि घाटात चोवीस तास उभी एक जड क्रेन. अंदाजपत्रक तपासणाऱ्यांनी क्रेनवर लाल रेघ मारली, "तात्पुरती बाब" म्हणून. मी बंद ट्रकमुळे लागलेल्या रांगांच्या नोंदी घेऊन पुन्हा गेले, आमच्या टीम लीडरनीही बाजू लावून धरली. क्रेन राहिली. तेवढे पैसे काढायला घाटमाथ्यावरचं सुशोभीकरण गेलं, कारंज्यासकट. त्या कारंज्याचं मला काडीचंही दुःख नाही.