हौस कुणाची, ते सांगते

“नवऱ्याची हौस दिसतेय, तू बरी तयार झालीस!” मंडळाच्या गणेशोत्सवात, फोनवर, भाचीच्या लग्नात, सगळीकडे हेच. बोटीने फिरण्याची ही हौस कुणाची, हे आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहिते. हौस माझी आहे. बोट माझ्या हट्टाने घेतली आणि सुकाणूवर बहुतेक वेळा मीच असते.

नॉरफोक ते मायामी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या अंगाने खाड्या, नद्या आणि कालवे जोडून केलेला हा जवळजवळ १,०९० मैलांचा जलमार्ग. आमची बोट ताशी सात-आठ मैल जाते. गाडीने दोन दिवसांत फ्लोरिडा येतं, हे मला माहीत आहे. वाटेतला पूल उघडून हवा असेल तर रेडिओवर सांगायचं आणि थांबायचं. मला ते थांबणं आवडतं. दाभोळच्या खाडीकाठी वाढले मी, तिथे पैलतीराला नेणारी तर येईल तेव्हा येई. नंतर सगळा जन्म मीटिंगा आणि डेडलाइनमध्ये गेला.

पण नवऱ्याला हे आवडतं का, असं मला कुणीच विचारत नाही.

जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो. लिटल मड रिव्हरमध्ये ओहोटीला पाणी फारच कमी उरतं. आम्ही शिरलो तेव्हा पुरेसं होतं. समोरून एक मोठी यॉट वेगात आली, तिच्या लाटेने आम्ही कडेला फेकले गेलो आणि तळ गाळात बसला. मागे घेऊन पाहिलं, पंख्याने नुसता चिखल ढवळला. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्यातून गाळ आत जाईल म्हणून मी ते बंद केलं. मग पाणी उतरत गेलं तशी बोट कलत गेली. चहाचं पातेलं ओट्यावरून घसरून खाली आलं. बाहेर उघड्या पडलेल्या चिखलावर एक नांगी मोठी, एक लहान असे खेकडे फिरत होते.

नवरा कललेल्या भिंतीला पाय रोवून बसला होता. म्हणाला, “अगं, मी रोज रात्री उठून नांगर बघतो. सरकला तर, या भीतीने.”

मला वाटायचं, त्याला झोपच कमी लागते.

“मग बोलला का नाहीस?”

“तू किती खूश असतेस.”

मला राग आला. आजही येतो. माझ्या आनंदाची किंमत मला न विचारता त्याने परस्पर का चुकती करावी? “ब्रन्सविकला पोचलो की विकून टाकू बोट,” मी म्हटलं. “आधी भरती येऊ दे,” तो म्हणाला. अंधारात कधीतरी बोट सरळ झाली, तरंगली. विकण्याचा विषय पुन्हा दोघांनीही काढला नाही.

पूर्वीची मी म्हणाली असती, बायका नवऱ्यांच्या बदल्यांमागे गावोगाव फिरल्या, एकदा नवरा आला बायकोमागे तर काय बिघडलं? काहीच नाही, असं आजही वाटतं. पण बायकांनी तसं मुकाट सोसायला नको होतं, हेही मीच म्हणत आले आहे. मग त्याने सोसलेलं मला कसं चालतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि बोट विकायची माझी तयारीही नाही.

वादळांचा हंगाम सरला की पुन्हा निघायचंय. येणार का म्हणून त्याला स्पष्ट विचारलं, हो म्हणाला. का म्हणाला, ते आता त्यालाच विचारा.